वास सुटला का?

तीन वाट्यांपैकी मधली वेगळी आहे, हे मला पहिल्याच चमच्याला कळलं. तरी नियमाप्रमाणे मी कोमट पाण्याने चूळ भरली, बिनमिठाच्या बिस्किटाचा तुकडा चावला, मिनिटभर थांबले आणि पुन्हा डावीकडून सुरुवात केली. ४१७, ८६२, २९५. आमच्या चाचणीच्या खोलीत लाल दिवा असतो. त्या उजेडात सगळ्या वाट्यांतलं दही एकाच रंगाचं दिसतं, म्हणजे खरं तर कुठल्याच रंगाचं दिसत नाही. डोळ्यांनी जिभेला काही आगाऊ सांगू नये म्हणून ही सोय आहे. माणूस एकटा बसतो, दोन्ही बाजूंना फळ्या, समोर वीतभर खिडकी. खिडकीतून ताटली येते आणि खिडकी बंद होते. तीन वाट्यांपैकी दोन सारख्या, एक वेगळी. वेगळी कुठली ते सांगायचं, एवढंच काम. मी ८६२ भोवती गोल केला. खाली शेऱ्याच्या जागेत लिहिलं : ‘कच्चट. खमंगपणा नाही. हिंग पुढे येतो, डाळ मागे राहते. बहुधा फॅक्टरीचा नमुना, भाजणी अपुरी.’ हे शेवटचं वाक्य लिहायची गरज नव्हती. प्रश्नपत्रिकेत ते विचारलेलंही नव्हतं. अर्ध्या तासाने, चाचण्या घेणाऱ्या आमच्या श्रीदेवीने पाकीट फोडून संकेतांची यादी काढली आणि ती वाचता वाचता थांबली. फॅक्टरीचे नमुने ४१७ आणि २९५ होते. ८६२ मिरजेहून आलेल्या डब्यातला होता. माझ्या आईने भाजून, दळून, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून पाठवलेल्या डांगरातला.

मद्रासला गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी म्हणजे एका लेथच्या कारखान्याच्या वरचा मजला. खालून कटिंग ऑइलचा वास जिन्यापर्यंत येतो, म्हणून चाचणीच्या खोलीला दोन दारं आहेत आणि ती एका वेळी कधीच उघडायची नाहीत. परदेशात शिकायला गेलेल्या मुलांसाठी आम्ही पाकिटं बनवतो. गरम पाणी घाला, दही घाला, भातावर घाला. पुळिओदरै म्हणजे चिंचेचा भात, रसम, मेतकूट, आणि आता डांगर. ज्यांनी कधी खाल्लं नाही त्यांच्यासाठी सांगते : उडदाची डाळ मंद आचेवर भाजायची, जिरं आणि हिंग घालून दळायची, ते पीठ दह्यात कालवायचं, कांदा, हिरवी मिरची आणि वरून फोडणी. पाच मिनिटांचं काम. सगळं काय ते भाजण्यात. डांगराची कल्पना माझी, आणि पाकिटावरचं आईचं नावही मीच सुचवलेलं : ‘रत्नप्रभा डांगर’. आमचे मालक व्यंकटेश राव तंजावरी मराठी आहेत. त्यांना नाव आवडलं, ‘आमचे आईचं पण असलंच होतं, लांबलचक,’ म्हणाले. पाकिटं छापून आली होती. पंधरा दिवसांत पहिली खेप निघायची होती. राहिलं होतं ते एकच : मूळ नमुना ठरवणं. दर तीन महिन्यांनी आईने अर्धा किलो पाठवायचं आणि आम्ही आमचा माल त्याच्याशी ताडून पाहायचा. आई इतकी खूश झाली होती की तिने फोनवर दोनदा विचारलं, ‘म्हणजे मी चुकले तर तुमची अख्खी कंपनी चुकेल?’ मी म्हणाले, ‘हो. म्हणून चुकू नकोस.’ ती हसली. आता ते हसू आठवताना मला त्यात जरासा उशीर ऐकू येतो. तेव्हा आला नव्हता.

खरं तर मी त्या दिवशी पॅनलवर नसतेच. जिने सूत्र तयार केलं तिने चाखायला बसू नये हा साधा नियम आहे. पण एक जण आजारी पडला, बारा माणसं हवीत, आणि श्रीदेवी म्हणाली, ‘तू बस. तुझं नाक इथलं सगळ्यात चांगलं आहे.’ हे खरं आहे. मला त्याचा अभिमानही आहे. नोकरीच्या मुलाखतीत मला भाजलेल्या धण्यांचे पाच नमुने दिले होते आणि वासाचं वर्णन करायला सांगितलं होतं. मी दीड पान लिहिलं. ‘ऊन लागलेली गोणपाटाची पिशवी’, ‘पेन्सिल तासताना येतो तसा, पण पेन्सिल ओली’. व्यंकटेश रावांनी ते वाचून विचारलं होतं, हे कुठे शिकलीस? मी विद्यापीठाचं नाव सांगितलं. ते उत्तर चुकीचं होतं, हे मला परवा कळलं.

विद्यापीठ नेदरलँड्समधल्या एका लहान गावात होतं. वसतिगृहाच्या मजल्यावर सात जणांत एक स्वयंपाकघर, चार शेगड्या, आणि छतावर धुराचा गजर. फोडणी केली की तो गजर वाजायचा. त्यामुळे आम्ही मोहरी टाकायच्या आधी खिडकी उघडायचो, आणि जानेवारीत खिडकी उघडली की तेल परत गार व्हायचं. पहिल्या महिन्यात मी रोज पास्ता खाल्ला आणि मला काहीही वाटलं नाही. मी स्वतःला फार आधुनिक समजत होते. दुसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी, ग्रंथालयातून परत येताना, मजल्यावर पाय टाकला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. का, ते मला अर्धा मिनिट कळेना. शेगडीपाशी एक बारीक मुलगी उभी राहून उडदाची डाळ भाजत होती. ती सहाना. तिने माझ्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाली, सॉरी, वास येतोय का? मी विचारलं, काय करतेयस. ती म्हणाली, ‘डांगर पच्चडी.’ मी मराठीत ओरडले, ‘डांगर?’ त्यावर ती मराठीत म्हणाली, ‘तुला मराठी येती की!’ आणि मग आम्ही दोघी एकमेकींचं मराठी ऐकून पाच मिनिटं हसत होतो.

ते हसणं सारखं नव्हतं, हे नंतर लक्षात आलं. ती आनंदाने हसत होती आणि मी तिच्या ‘अहे’ला आणि ‘म्हणून सांगितली’ला हसत होते. सहाना मैलापूरची. तिचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आले, पुढे मद्रासला. गावातल्या मराठी मुलांच्या गणपतीला मी तिला घेऊन गेले, तेव्हा पुण्याच्या एका मुलाने तिला विचारलं, ‘तू नक्की कोण? तमिळ की मराठी?’ सहाना म्हणाली, ‘घरी मराठी, गल्लीत तमिळ, वर्गात इंग्लिश. उरलेली वेळ झोपलेली.’ सगळे हसले. मग तिने आणलेला डबा उघडला, आणि कोणीतरी म्हणालं, ‘अरे हे तर डांगर आहे, पण याला पच्चडी काय म्हणते ही?’ आणि दुसरं कोणी म्हणालं, ‘कढीपत्ता बघ किती, हे मद्रासी आहे.’ डबा परत आणताना जवळजवळ भरलेला होता. वाटेत मी तिला म्हणाले, ‘मनावर घेऊ नकोस.’ ती म्हणाली, ‘तू पण खाल्ली नाहीस.’ ते खरं होतं. मी शास्त्र शिकत होते, निरीक्षण कसं करायचं ते मला शिकवत होते. आणि ज्या वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, तो चार माणसांसमोर ओळखायला मी तयार नव्हते.

एकवीसच्या मे महिन्यात आमच्या घरी ताप आला. आधी बाबांना, मग आईला. विमानं बंद होती. बाबांना मिरजेतच दवाखान्यात ठेवलं होतं, नवव्या दिवशी ते गेले. आई तेव्हा घरात एका खोलीत कोंडलेली होती, तिलाही त्यांचं शेवटचं दर्शन नाही. मी फोन हातात धरून वसतिगृहाच्या बाथरूममध्ये बसले होते, कारण तिथेच दाराला आतून कडी होती. त्यांच्या दहाव्याला काकूने घाटावरून फोन केला. कावळा शिवत नव्हता. वाऱ्याच्या आवाजातून काकू कोणालातरी सांगताना ऐकू आली, ‘वासना अडकलीय त्यांची. लेकीत.’ मग कोणी माझं नाव घेऊन काहीतरी कबूल केलं असणार, कारण थोड्या वेळाने फोन बंद झाला आणि कावळा शिवल्याचा निरोप आला. मी शास्त्राची विद्यार्थिनी. कावळे का येतात आणि का येत नाहीत याची साधी कारणं मला माहीत आहेत. पण तो शब्द माझ्या अंगात जाऊन बसला. त्यानंतर वासना हा शब्द कुठेही आला की मला तो घाट दिसतो, जो मी पाहिलेला नाही. त्या आठवड्यात माझ्या घशाखाली काही उतरत नव्हतं. सहानाने खिडकी उघडली, डाळ भाजली, दह्यात कालवली आणि वाटी माझ्या दाराशी ठेवून गेली. ती मी खाल्ली. तिला त्याबद्दल कधी बोलले नाही.

आणि मग आईचे फोन सुरू झाले. रोज. बाबा गेल्यावर तिला बोलायला माणूस हवं, असं मी धरलं होतं. ती म्हणायची, ‘आज काय करतेयस जेवायला? डांगर कर. फोन तिथेच ठेव.’ सुरिनामहून आलेल्या हिंदुस्थानी लोकांच्या दुकानात उडीद डाळ मिळायची, ती मी कढईत टाकायचे, फोन मिठाच्या बरणीला टेकून ठेवायचे. आई बघत नसायची, ऐकत असायची. ‘वास सुटला का?’ तिचं नेहमीचं वाक्य. लहानपणापासून ऐकलेलं. मी म्हणायचे, सुटतोय. ‘कसा?’ खमंग. ‘खमंग म्हणजे कसा? नीट सांग. तुझ्या कॉलेजात लिहितेस तसं सांग.’ मला गंमत वाटायची. मी सांगायचे : सुरुवातीला काहीच नाही, मग ओल्या कापडावरून इस्त्री फिरवावी तसा. मग ते ओलेपण जातं. मग शेंगांची टरफलं. मग पुठ्ठ्याचं खोकं उन्हात राहिल्यासारखा. ‘आणि आता?’ आता, आपल्या गच्चीवर मे महिन्यात गाद्या तापतात ना, त्यांच्यावर पालथं पडलं की येतो, तसा. त्यावर ती गप्प व्हायची. एवढी गप्प, की मला वाटायचं फोन कट झाला. मग म्हणायची, ‘उतरव.’ दीड वर्ष असं चाललं. डाळ, रवा, शेंगदाणे, तूप कढवताना, खोबरं भाजताना. मी तिला वास सांगत राहिले आणि माझं सांगणं तासून तासून टोकदार होत गेलं. मला वाटत होतं, ती मला शिकवतेय. परीक्षा घेतेय.

शिक्षण संपल्यावर सहाना पुढच्या संशोधनासाठी तिथेच राहिली आणि मला म्हणाली, ‘नोकरी मद्रासला मिळाली तर आमचे आजीकडे राहा. मोठं घर, एकटी अहे. भाडं घेणार नाही, पण तुला बोलायला लागेल.’ म्हणून मी दोन वर्षं मैलापूरला, देवळाच्या तळ्यापासून दोन गल्ल्या आत, सईबाईंच्या घरी राहते. मी त्यांना सईआजी म्हणते. त्या एक्याऐंशी वर्षांच्या आहेत, गेली पन्नास वर्षं सकाळी सहाला कॉफीचं फिल्टर लावतात, आणि त्यांचं मराठी मला अजूनही पूर्ण येत नाही. मी त्यांच्या शब्दांची एक वही ठेवली आहे. शब्द, अर्थ, कोणत्या वाक्यात, तारीख. असं काही मी करते हे त्यांना फार विनोदी वाटतं. ‘काय लिहितीस गं? मी मेल्यावर परीक्षा अहे का?’ माझ्या वहीत तीनशे बारा शब्द आहेत. त्यांतला दोनशे अठ्ठ्याऐंशीवा चुकीचा लिहिलेला आहे.

जानेवारीत आई आठ दिवस आली होती. बाबा गेल्यावर तिचा पहिला प्रवास. मला वाटलं, दोघी म्हाताऱ्यांचं जमेल की नाही. पण पहिल्याच दुपारी त्या स्वयंपाकघरात पाट टाकून बसल्या होत्या. मी तेव्हा पाहिलेल्या गोष्टी आता एकेक करून पुढे येतात, आणि प्रत्येक गोष्टीचं मी तेव्हा केलेलं स्पष्टीकरण तिच्या शेजारी उभं असतं. तळ्याजवळ फुलवाल्या बसतात. आईने मोगऱ्याचा गजरा घेतला आणि केसांत माळायच्या आधी नाकाशी धरला, खूप वेळ, डोळे मिटून. मी मनात म्हटलं, किती सुख वाटतंय हिला. एका सकाळी मी पुढच्या खोलीत असताना दूध करपल्याचा वास आला. धावत गेले तर आई गॅसपासून हातभर अंतरावर पेपर वाचत बसलेली. ‘लक्षच नव्हतं गं.’ मी मनात म्हटलं, बाबा गेल्यापासून ही अशी असते. आणि मिरजेला मी सुट्टीत गेले की ती मला स्वयंपाक करायला लावायची, ‘मला तुझ्या हातचं खायचंय,’ म्हणायची. मी मनात म्हटलं, लाड. निरीक्षणं सगळी बरोबर होती. एकही सुटलं नव्हतं. आई परत गेली त्या संध्याकाळी सईआजी कढीपत्ता खुडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘तुझे आईला वासनाच नाही अहे. पावम, बिचारी. सांगितली मला.’ मी जाऊन वहीत लिहिलं : ‘वासना – इच्छा. आईबद्दल. १९ जानेवारी.’ आणि तिला आता कशाची इच्छा उरली नाही, हे ती माझ्याऐवजी एका परक्या बाईला सांगून गेली, याचं मला थोडं वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं. इच्छा गेली म्हणजे निदान काही अडकलेलं नाही.

परवा श्रीदेवीने बारा उत्तरपत्रिका माझ्यासमोर टेबलावर ठेवल्या. बारापैकी अकरा जणांनी ८६२ वेगळा काढला होता. नुसत्या अंदाजाने चार जणांचं बरोबर येऊ शकतं. अकरा म्हणजे शंकेला जागाच नाही. ‘तुझी आई डाळ मोठ्या आचेवर भाजते का?’ तिने विचारलं. आम्ही इंग्रजीत बोलतो, पण स्वयंपाकाचं आलं की तिचं तमिळ होतं. ‘वरून रंग छान आलाय, दिवसाच्या उजेडात बघ, आपल्यापेक्षा छान. आत पच्चै वासनै तशीच आहे. गेलेली नाही.’ पच्चै म्हणजे कच्चं, हिरवं. पच्चै वासनै हा इथल्या प्रत्येक स्वयंपाकघरातला शब्द : डाळीचा, पिठाचा, मसाल्याचा कच्चेपणाचा वास, जो जाईपर्यंत परतत राहायचं. हा शब्द मी दोन वर्षं दिवसातून दहा वेळा ऐकते. उत्तरपत्रिकांच्या खाली पाहिलं तर सात जणांनी शेऱ्यात तोच लिहिला होता, कोणी तमिळ अक्षरांत, कोणी इंग्रजी. वासनै. वासनै. वासनै. सातव्या पत्रिकेवर माझी नजर थांबली. गिंडीत मी हा शब्द तमिळ म्हणून ऐकत होते, मैलापूरला मराठी म्हणून, आणि दोन्हींच्या मध्ये रोज बसने पाऊण तास जात होता. सईआजींच्या तोंडी तो तीनशे वर्षं शेजारच्या शब्दाला घासून घासून त्याच्यासारखा झाला असेल, हे मला सुचलं नव्हतं. मी माझा शब्द ऐकला होता. माझा घाट, माझा कावळा.

मी श्रीदेवीला म्हटलं, मला जरा बाहेर जायचंय. जिन्यात उभी राहिले. खाली लेथ चालू होता, तेलाचा वास येत होता. गरम झालेलं लोखंड, आणि त्यावर दुधाळ, किंचित गोडसर. माझ्या नाकाने आपणहून त्याचे शब्द केले. मी ते थांबवू शकले नाही. ‘कसा? नीट सांग.’ एकवीसचा मे. तेव्हा सगळ्या जगाचा वास जात होता आणि बहुतेकांचा पंधरा दिवसांत परत येत होता. कोणी विचारलं असेल तिला? बाबा गेलेले. अशा घरात कोण बाई म्हणेल की मला फोडणीचा वास येत नाही? आणि मग दीड वर्ष ती रोज संध्याकाळी फोन लावून बसली. मी इकडे खिडकी उघडून डाळ भाजायचे आणि ती तिकडे माझ्या शब्दांवर नाक ठेवायची. मी म्हणायचे गच्चीवरच्या गाद्या, आणि ती गप्प व्हायची.

व्यंकटेश रावांनी कागद पाहिले. ते चांगले गृहस्थ आहेत. ‘यात काय एवढं?’ म्हणाले. ‘आईला सांगू नकोस. दुसरी पिशवी मागव, किंवा नको मागवू. आपला माल चांगला अहे. नाव तिचंच राहील.’ मग माझा चेहरा पाहून म्हणाले, ‘बरं, खरं विचारू? मूळ नमुना तर तुझे डोक्यात अहे. तुझे आईकडे नाही.’ ते सांत्वन म्हणून म्हणाले असावेत. मी अहवालात लिहिलं : नमुना ८६२, संदर्भ म्हणून योग्य नाही. खाली सही केली. आपल्या आईबद्दलचं ते वाक्य मी सहज लिहिलं, आणि त्याची मला लाज वाटली. आता दर तीन महिन्यांनी तिची पिशवी येणार. मी खोटं बोलले, तर ती रंगावर डाळ भाजत राहील, मी शाबासकी देत राहीन, आणि आम्ही दोघी एकमेकींना जपत जपत कायमच्या लांब जाऊ. खरं सांगितलं, तर तिच्या हातातली एकच गोष्ट मी काढून घेणार, जिला कंपनीने तिचं नाव दिलं होतं. ते नावसुद्धा मीच सुचवलेलं.

घरी पोचले तेव्हा सईआजी देवापुढे दिवा लावून उठत होत्या. मी चपला न काढताच विचारलं, ‘सईआजी, जानेवारीत तुम्ही आईबद्दल म्हणालात. वासना नाही म्हणून. ती वासना म्हणजे काय?’ त्यांनी वेडी समजून माझ्याकडे पाहिलं. मग दोन बोटांनी स्वतःचं नाक धरलं. ‘ही वासना. नाकाची. दुसरी कुठली?’ आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. ‘तुला ठाऊक नव्हती? मी म्हटलं, लेक तर नाकाचीच नोकरी करती, तिला ठाऊक असेल. अय्यो, वहीत काय लिहिलीस मग?’ मी सांगितलं. त्यांना हसू आलं, ते त्यांनी पदरात धरलं, आणि मग ते गेलं. ‘ती म्हणाली, लेकीला सांगू नका. मी म्हटलं, बरं. म्हणून एकदाच सांगितली.’

मी कपडे न बदलता कढई चढवली. डब्यातली उडीद डाळ दोन मुठी. आईला फोन लावला आणि तो मिठाच्या बरणीला टेकवला. सात वाजले होते, आईची जेवणाच्या आधीची वेळ. तिने पहिल्याच घंटेला उचलला.

‘काय गं, झाली का परीक्षा? काय म्हणाली तुमची मंडळी?’

‘बारा जण होते. अकरा जणांनी तुझा ओळखला.’

‘ओळखला?’ तिचा आवाज उजळला. मग तो उजेड हळूहळू गेला. आई मूर्ख नाही. तिने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे. वेगळा असल्याशिवाय ओळखता येत नाही, हे तिला कळायला चार सेकंद लागले असतील. ‘कच्चा राहिला,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘रंग तर आला होता गं,’ आई म्हणाली. ‘मी खिडकीशी नेऊन पाहिला होता. दोनदा.’

मला बोलायचं होतं. दिवसभर मी वाक्यं जुळवली होती : डॉक्टर असतात, उपचार असतात, नाकाला पुन्हा वासांची सवय लावता येते, त्यावर शोधनिबंध आहेत. त्यांतलं एखादं सुरू करायच्या ऐवजी मी उलथनं फिरवलं. कढईत डाळ सरकली, तिचा तो खडखडीत आवाज फोनमधून गेला असावा, कारण ती म्हणाली, ‘काय करतेयस?’

‘डाळ भाजतेय. सांगू?’

मिरजेच्या घरातला पंखा ऐकू येत होता. मग ती म्हणाली, ‘सईबाईंनी सांगितलं वाटतं.’

‘जानेवारीतच. मलाच कळलं नाही.’

‘बरं,’ आई म्हणाली. आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ‘सांग.’

मी सांगायला लागले. आत्ता काही नाही, नुसता लोखंडाचा. आता ओल्या कापडावरची इस्त्री. आता ते वाळतंय. शेंगांची टरफलं, कालची नाहीत, आज फोडलेली. आता पुठ्ठा, त्याच्या आत काहीतरी गोड ठेवलं होतं आणि काढून नेलं. आता गच्ची, गाद्या, कापूस तापलेला, बाबा उशीला थापट्या मारतायत आणि त्या धुळीचा. हे मी पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. डाळ बदामी झाली होती. हीच उतरवायची वेळ. मी थांबले, आणि वाट पाहिली की आता ती ‘उतरव’ म्हणेल.

‘पुढे?’ आई म्हणाली.

मी गॅस बंद केला नाही. पुढचं मी कधी हुंगलं नव्हतं, कारण याच्या आधीच ती नेहमी उतरवायला सांगायची. मी सांगितलं : आता कडेला जरा कडू. कॉफीच्या डब्याचं झाकण. आता पेटत्या काडीचा, काडी विझल्यावर. धूर वर जाऊ लागला. या घरात गजर नाही. पुढच्या खोलीतून सईआजी ओरडल्या, ‘करपली की, तनया! वासना येती अहे इथपर्यंत!’

‘कोण काय म्हणतंय?’ आईने विचारलं.

‘काही नाही,’ मी म्हटलं. ‘तू ऐक.’